शिरांमधील रक्तगुठळी : जोखीम ओळखण्याचे शास्त्र

रक्त वाहते राहणे आणि गरज पडताच गोठणे, हे दोन्ही गुणधर्म जीवनासाठी आवश्यक आहेत. जखम झाल्यावर रक्त गोठले नाही, तर रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो. याउलट, जखम नसताना शिरेच्या आत रक्त गोठले, तर तेही तितकेच घातक ठरते. पायाच्या किंवा मांडीच्या खोलवरच्या शिरेत अशी गुठळी तयार होण्याच्या विकाराला वैद्यकशास्त्रात 'डीप व्हेन थ्रॉम्बोसिस' म्हणतात. ही गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकली, तर 'पल्मनरी एम्बोलिझम' ही अवस्था उद्भवते व काही मिनिटांत मृत्यू होऊ शकतो. या दोन्ही अवस्था मिळून 'शिरांतर्गत रक्तगुठळी विकार' ही एकच व्याधी मानली जाते.

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्यानंतर रक्ताभिसरणाशी संबंधित मृत्यूंचे तिसरे प्रमुख कारण म्हणून या व्याधीचा उल्लेख केला जातो. तथापि तिच्याविषयीची जाणीव अत्यल्प आहे. या व्याधीचे वैशिष्ट्य असे की, ती बहुतांशी पूर्वसूचना देणाऱ्या परिस्थितीत उद्भवते. जोखमीचे घटक आधी ओळखता आले, तर अनेक मृत्यू टाळता येतात. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकीय नसून सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या कार्यक्षमतेशी निगडित आहे.

व्हर्कोचे त्रिसूत्र

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हर्को यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात फुप्फुसात सापडणारी गुठळी तेथेच तयार झालेली नसून दूरच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे दाखवून दिले. त्यांच्या विवेचनाच्या आधारे पुढे जे सूत्र रूढ झाले, ते 'व्हर्कोचे त्रिसूत्र' म्हणून ओळखले जाते. त्यानुसार गुठळी तयार होण्यास तीन बाबी कारणीभूत ठरतात : रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे.

पायातील रक्ताला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेने हृदयाकडे परतावे लागते. हे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना हे स्नायू आकुंचन पावतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. मनुष्य दीर्घकाळ अंथरुणाला खिळला की हा पंप बंद पडतो व झडपांच्या मागे रक्त साचू लागते. शस्त्रक्रिया, अस्थिभंग किंवा शिरेत दीर्घकाळ बसवलेली नलिका यांमुळे अस्तराला इजा होते. गर्भारपण, कर्करोग, काही औषधे व आनुवंशिक दोष यांमुळे रक्तातील गोठणघटकांचा समतोल बिघडतो. पुढे विचारात घेतलेला प्रत्येक जोखीमघटक या तीनपैकी एका किंवा अधिक मार्गांनी कार्य करतो, हे ध्यानात घेतल्यास विषय समजण्यास सोपा जातो.

रुग्णालय : जोखमीचे मुख्य केंद्र

या व्याधीचे सुमारे ६० टक्क्यांपर्यंत रुग्ण रुग्णालयातील वास्तव्यात किंवा त्यानंतरच्या तीन महिन्यांत आढळतात. म्हणजेच, जेथे मनुष्य बरा होण्यासाठी जातो, तेथेच या विकाराची सर्वाधिक शक्यता निर्माण होते. नितंब व गुडघ्याच्या सांध्याचे रोपण, मांडीच्या हाडाचा भंग, मज्जारज्जूची इजा आणि कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया या सर्वाधिक जोखमीच्या अवस्था होत. तथापि शस्त्रक्रिया न झालेले रुग्णही सुरक्षित नसतात. हृदय निकामी होणे, तीव्र श्वसनविकार, गंभीर जंतुसंसर्ग आणि पक्षाघात यांमध्येही जोखीम लक्षणीय असते.

आशियाई लोकांमध्ये ही व्याधी क्वचितच आढळते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. भारतीय अभ्यासांनी तो डळमळीत केला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पायाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शिरांची क्ष-किरण तपासणी करण्यात आली. प्रतिबंधक औषध न दिलेल्या सुमारे ६० टक्के आणि औषध दिलेल्या सुमारे ४३ टक्के रुग्णांमध्ये गुठळ्या आढळल्या. देशातील इतर काही अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी नोंदले गेले. या तफावतीमागे तपासणीची पद्धत हे एक महत्त्वाचे कारण आहे. शिरेत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या प्रतिमेत लहान व लक्षणरहित गुठळ्याही दिसतात, तर ध्वनिलहरींच्या डॉपलर तपासणीत त्या निसटू शकतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील १९९६ ते २००५ या कालखंडाच्या पाहणीत दर दहा हजार दाखल रुग्णांमागे सुमारे १७ जणांमध्ये पायातील गुठळी निश्चित झाली. कर्करोग आणि शस्त्रक्रिया ही तेथे आढळलेली ठळक कारणे होती.

'एन्डॉर्स' या ३२ देशांतील पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील भारतीय भागात १० रुग्णालयांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. सुमारे ५४ टक्के रुग्ण जोखीमगटात मोडत होते. त्यांपैकी मान्यताप्राप्त मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिबंधक उपाय मिळालेले रुग्ण केवळ सुमारे १७ टक्के होते. जगभरातील सरासरी मात्र ५० टक्क्यांच्या आसपास होती. भारतातील प्रश्न ज्ञानाच्या अभावापेक्षा अंमलबजावणीच्या अभावाचा अधिक आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

स्त्रियांच्या आरोग्याशी निगडित घटक

गर्भारपणात रक्ताची गोठण्याची क्षमता निसर्गतः वाढते. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव मर्यादित राहावा, हा त्यामागील हेतू. मात्र याच बदलामुळे गुठळीची शक्यता गर्भारपणात सुमारे चार ते पाच पटींनी वाढते. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे त्याहून अधिक जोखमीचे असतात आणि काही प्रमाणात ही जोखीम बाराव्या आठवड्यापर्यंत टिकते. सिझेरियन शस्त्रक्रियेमुळे तीत भर पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) देशातील ३८.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्याचे आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. ही मोठी उपलब्धी होय. याच काळात सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. त्यामुळे प्रसूतीनंतर लवकर हालचाल, पुरेसे पाणी आणि जोखमीचे मूल्यमापन यांना आता अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

भारतात बाळंतपणानंतर मेंदूतील शिरांमध्ये गुठळी होण्याचा प्रकार डॉक्टरांच्या दीर्घकाळ परिचयाचा आहे. तीव्र डोकेदुखी, झटके येणे, दृष्टी अधू होणे किंवा अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे ही त्याची लक्षणे होत. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी प्रथा, त्यातून होणारे निर्जलीकरण आणि रक्तक्षय यांचा या विकाराला हातभार लागतो, असे मानले जाते. तथापि हा केवळ स्त्रियांचा विकार नव्हे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ४२८ रुग्णांच्या नोंदींत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, पुरुषांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते.

इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या हा आणखी एक घटक आहे. युरोपीय औषध यंत्रणेने २०१३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, गोळ्या न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे दोन जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेल्या संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही संख्या पाच ते सात, तर ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांमध्ये नऊ ते बारा इतकी असते. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमातील 'माला-एन' ही पहिल्या प्रकारची गोळी होय. सापेक्ष जोखीम काही पटींनी वाढली, तरी प्रत्यक्ष जोखीम अल्पच राहते आणि ती गर्भारपणातील जोखमीपेक्षा कमी असते. त्यामुळे गोळ्या सरसकट धोकादायक ठरत नाहीत. पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रियांसाठी मात्र त्या अयोग्य मानल्या जातात.

या संदर्भात लखनौचे योगदान उल्लेखनीय आहे. १९५१ मध्ये गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. नदीपलीकडील निशातगंजच्या बाजारपेठेपासून ही वास्तू फार दूर नाही. या संस्थेने 'सेंटक्रोमन' ही स्टेरॉइडविरहित गर्भनिरोधक गोळी विकसित केली. १९९१ मध्ये ती 'सहेली' या नावाने बाजारात आली आणि २०१६ मध्ये 'छाया' या नावाने राष्ट्रीय कार्यक्रमात तिचा समावेश करण्यात आला. तीत इस्ट्रोजेन नसते. तथापि ज्या औषधगटात ती मोडते, त्यातील टॅमॉक्सिफेन व रॅलॉक्सिफेन या औषधांमुळे गुठळीची जोखीम वाढते, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे 'संप्रेरक नाही म्हणजे जोखीम नाही' असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही आणि पूर्वेतिहास विचारणे येथेही आवश्यक ठरते.

वय, स्थूलता आणि कर्करोग

पाश्चात्त्य देशांतील आकडेवारीनुसार प्रौढांमध्ये या व्याधीचे प्रमाण वर्षाला दर हजारी सुमारे एक असते. तरुणांमध्ये ते दहा हजारांत एकाच्या आसपास, तर अतिवृद्धांमध्ये शंभरात एकापर्यंत जाते. शरीरवस्तुमान निर्देशांक ३० पेक्षा अधिक असल्यास जोखीम दोन ते तीन पटींनी वाढते. कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील अतिवजन किंवा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मधील १२.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. आयुर्मान, वजन आणि शस्त्रक्रियांची संख्या या तिन्हींत होत असलेली वाढ पाहता भारतात या व्याधीचा भार वाढण्याची चिन्हे स्पष्ट आहेत.

कर्करोग आणि रक्तगुठळी यांचे नाते फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये मांडले. पुढे स्वतःच्याच शिरेतील गुठळीवरून त्यांनी स्वतःला कर्करोग झाल्याचे ओळखले व १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज सुमारे दर पाचपैकी एका रुग्णातील गुठळीमागे कर्करोग असल्याचे मानले जाते. स्वादुपिंड, जठर, मेंदू व अंडाशय यांच्या कर्करोगात ही शक्यता विशेष असते. काही केमोथेरपी औषधांमुळेही ती वाढते.

अनुवंश आणि आहार

१९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे गोठणघटक पाचमधील एक जनुकीय दोष शोधण्यात आला. तो 'फॅक्टर फाइव्ह लायडेन' या नावाने ओळखला जातो. युरोपीय वंशाच्या सुमारे पाच टक्के लोकांत तो आढळतो. भारतीयांत त्याचे प्रमाण त्याहून कमी आहे. प्रथिन सी, प्रथिन एस आणि अँटिथ्रॉम्बिन यांच्या कमतरता दुर्मीळ असल्या, तरी त्यांचा परिणाम मोठा असतो. तरुण वयात, कोणतेही कारण नसताना किंवा कुटुंबात अनेकांना गुठळी झाली असल्यास या दोषांचा शोध घेतला जातो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने होमोसिस्टीनचा प्रश्न लक्षवेधी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, तर ५८ टक्के पुरुषांमध्ये होमोसिस्टीनचे वाढलेले प्रमाण आढळले. शाकाहाराशी या कमतरतेचा निकटचा संबंध आहे. रक्तातील होमोसिस्टीन वाढलेल्या व्यक्तींत गुठळीचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन कमी केल्यावर गुठळ्या मात्र कमी झाल्या नाहीत, असे परदेशांतील चाचण्यांत आढळले. दोन बाबींचा सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक समजून घेण्यासाठी हे उत्तम उदाहरण ठरते. ब-१२ ची कमतरता मज्जातंतू व रक्तपेशी यांच्यासाठी दूर करणे आवश्यकच आहे. गुठळीवरील उपाय म्हणून मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

प्रवास, बैठे काम आणि उंच प्रदेश

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना आश्रयस्थानांत रात्रभर खुर्च्यांवर बसून राहणाऱ्या लोकांमध्ये फुप्फुसातील गुठळीने मृत्यू होत असल्याची नोंद कीथ सिम्प्सन यांनी केली. विमानप्रवासाची चर्चा त्यानंतर अनेक वर्षांनी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक काळ सलग बसून प्रवास केल्यास जोखीम सुमारे दुप्पट होते. विमान, रेल्वे, बस किंवा मोटार, कोणतेही वाहन असले तरी हे लागू पडते. तरीही निरोगी व्यक्तीमध्ये अशा प्रवासानंतरची प्रत्यक्ष शक्यता सुमारे सहा हजारांत एक इतकीच असते. लखनौहून मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसचा प्रवास सुमारे एका दिवसाचा आहे. अशा प्रवासात मधूनमधून उठून चालणे आणि पुरेसे पाणी पिणे हा निरोगी प्रवाशासाठी पुरेसा उपाय होय. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या प्रवाशाने मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उंच प्रदेशातील दीर्घ वास्तव्य हा खास भारतीय संदर्भ असलेला घटक आहे. अतिउंचीवरील चौक्यांवर तैनात सैनिकांच्या अभ्यासात, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचे प्रमाण सखल प्रदेशाच्या तुलनेत सुमारे तीस पट आढळले. प्राणवायूच्या कमतरतेमुळे तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होणे, निर्जलीकरण आणि थंडीमुळे कमी झालेली हालचाल ही त्यामागील कारणे सांगितली जातात.

कोविड-१९ च्या साथीने हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवला. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते व तीव्र दाहामुळे गोठणक्रिया वाढते. त्यामुळे २०२० मध्येच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या उपचार नियमावलीत हेपॅरिनचा समावेश झाला. लसीकरणानंतरच्या गुठळ्यांविषयी १७ मे २०२१ रोजी मंत्रालयाने माहिती दिली. त्यानुसार कोविशिल्डनंतर संभाव्य गुठळीच्या २६ घटना आढळल्या होत्या. हे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके होते.

जोखमीची बेरीज

एकच सौम्य घटक सहसा गुठळी घडवत नाही. अनेक घटक एकत्र आले की धोक्याची पातळी ओलांडली जाते. हे तत्त्व वापरून गुणांकन पद्धती तयार करण्यात आल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी 'कॅप्रिनी', तर अन्य दाखल रुग्णांसाठी २०१० मध्ये मांडलेली 'पाडुआ' पद्धती प्रचलित आहे. पाडुआ पद्धतीत सक्रिय कर्करोग, पूर्वीची गुठळी, किमान तीन दिवसांची हालचालबंदी आणि ज्ञात रक्तदोष यांना प्रत्येकी तीन गुण आहेत. महिनाभरातील इजा वा शस्त्रक्रियेला दोन गुण दिले जातात. सत्तर किंवा अधिक वय, हृदय वा श्वसन निकामी होणे, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात, तीव्र संसर्ग वा संधिवाती विकार, स्थूलता आणि संप्रेरक उपचार यांना प्रत्येकी एक गुण आहे. एकूण चार किंवा अधिक गुण झाल्यास रुग्ण उच्च जोखमीचा समजला जातो.

ही पद्धती दाखल रुग्णांसाठी असली, तरी तिच्यामागील विचार समजण्यासाठी निशातगंजमधील तीन काल्पनिक व्यक्ती घेता येतील. पहिला, दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणारा चाळीस वर्षांचा निरोगी व्यापारी. बैठे काम हा सौम्य घटक असून या पद्धतीत त्याचे गुण शून्यच. दुसरी, स्तनाचा कर्करोग आणि स्थूलता असलेली पंचेचाळीस वर्षांची चिकनकारी कारागीर. ती रुग्णालयात दाखल होताच तिचे गुण चार होतात. तिसरा, हृदय निकामी झालेला, न्यूमोनियामुळे अंथरुणाला खिळलेला बाहत्तर वर्षांचा निवृत्त कर्मचारी. त्याचे गुण सहा होतात. बाहेरून पाहता यांपैकी कोणाच्याही पायावर सूज नसेल. तरीही दुसऱ्या व तिसऱ्या व्यक्तीसाठी प्रतिबंधक उपायांचा विचार दाखल झाल्याच्या दिवशीच व्हावयास हवा. पाडुआच्या मूळ अभ्यासात उच्च जोखमीच्या, परंतु पुरेसा प्रतिबंध न मिळालेल्या ११ टक्के रुग्णांना गुठळी झाली. प्रतिबंध मिळालेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होते.

प्रतिबंध, उपचार आणि धोरण

प्रतिबंधाचे तीन स्तर आहेत. पहिला स्तर खर्चविरहित आहे : लवकर उठवून चालवणे, पायांचे व्यायाम आणि पुरेसे पाणी. दुसरा यांत्रिक स्तर म्हणजे दाब देणारे मोजे किंवा हवेच्या दाबाची उपकरणे. तिसरा स्तर औषधांचा. १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोध लागलेले हेपॅरिन आणि त्यापासून तयार केलेले कमी रेणुभाराचे प्रकार आजही प्रमुख आहेत. सडलेले गवत खाल्लेल्या गुरांच्या रक्तस्रावाच्या संशोधनातून निघालेले वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून आले व १९५४ पासून माणसांसाठी वापरले जाऊ लागले. ते स्वस्त आहे, परंतु नियमित रक्ततपासणी आवश्यक असल्याने ग्रामीण रुग्णांची गैरसोय होते. नव्या तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांना अशा तपासणीची गरज नसते. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या औषधाचा २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत समावेश झाला.

रक्त पातळ राखणाऱ्या प्रत्येक औषधामुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. म्हणून ती सर्वांना सरसकट देता येत नाहीत. जोखमीचे मूल्यमापन आवश्यक ठरते ते याच कारणाने. एका पायाला अचानक सूज, वेदना व उष्णता जाणवणे किंवा एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठणे हाच उपाय होय. पायाला मालीश करून वेळ दवडणे हानिकारक ठरते.

इंग्लंडमध्ये २०१० पासून दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी किमान ९० टक्क्यांचे जोखीम-मूल्यमापन करण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय स्तरावर ठरवण्यात आले. या उपक्रमासाठी महागडी यंत्रसामग्री नव्हे, तर एक पानी तक्ता, प्रशिक्षित परिचारिका आणि नियमित नोंद यांची गरज असते. लखनौमधील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ व संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था यांसारख्या मोठ्या संस्थांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत हा तक्ता वापरणे शक्य आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेमुळे गरीब कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रिया आवाक्यात आल्या आहेत. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही घरी परतलेला रुग्ण पंधरा दिवसांनी गुठळीने दगावला, तर त्या खर्चाचा हेतू साध्य होत नाही. म्हणून रुग्णाला घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कागदावर धोक्याची लक्षणे रुग्णाच्या भाषेत लिहिलेली असणे आवश्यक आहे. बाळंतिणीच्या गृहभेटींत आशा कार्यकर्तीने पायावरील सूज आणि तीव्र डोकेदुखी यांची विचारपूस करणेही तितकेच उपयुक्त ठरेल.

व्हर्को यांचा जन्मदिन, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक रक्तगुठळी दिन म्हणून पाळला जातो. गुठळी का होते, याचे उत्तर दीड शतकापूर्वीच मिळाले आहे. ती कोणाला होऊ शकते, हे सांगणारी साधनेही उपलब्ध आहेत. प्रत्येक रुग्णाच्या खाटेपाशी ती वापरली जातील, अशी व्यवस्था उभारणे हेच आता उरलेले कार्य होय.